थायरिस्टरचा मोड आधी लोडला विचारा

माझ्या शिरोलीच्या शेडमध्ये थायरिस्टर पॅनेलची, म्हणजे हीटरला जाणारी वीज इलेक्ट्रॉनिक स्विचने कमी-जास्त करणाऱ्या पॅनेलची, चौकशी येते ती बहुतेक वेळा एका ओळीची. ‘थ्री फेज, १०० अँपिअर, एक नग, डिलिव्हरी अर्जंट.’ फायरिंगचा मोड, म्हणजे थायरिस्टर कधी चालू करायचा याची पद्धत, कोणता हवा, याबद्दल अक्षर नसतं. मग मी फोन लावतो आणि विचारतो, हीटर कशाचा आहे? समोरून उत्तर येतं, ‘हीटर म्हणजे हीटर हो, आपला नेहमीचा.’ नेहमीचा म्हणजे नायक्रोमच्या तारेचा, असं मी धरून चालत नाही. एकदा तो नेहमीचा हीटर सिलिकॉन कार्बाइडचा रॉड निघाला होता.

हे लिहितोय ते फाउंड्री, हीट ट्रीटमेंट, पेंट शॉप अशा ठिकाणच्या मेन्टेनन्सवाल्यांसाठी. ज्यांच्या पुढ्यात पॅनेल आहे, मेनूमध्ये चार-पाच मोड दिसतायत आणि कोणता टाकायचा हे सांगायला कोणी नाही, त्यांच्यासाठी. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं त्या अंगाने वाचाल: बर्स्ट (पूर्ण सायकली चालू-बंद करणं) चालत असेल तिथे बर्स्टच वापरा. लोडने, म्हणजे हीटरने, भाग पाडलं तरच फेज अँगल (प्रत्येक सायकलचा भाग कापणं). आपल्याकडे नेमकं उलट होतं. फेज अँगलला अँमीटरचा काटा शांत राहतो, बर्स्टला नाचतो. मालक राउंडला आले, काटा नाचताना दिसला, की ‘हे काय चाललंय?’ म्हणून विचारतात. मग मेन्टेनन्सवाला गुपचूप फेज अँगल टाकून मोकळा होतो. काटा शांत होतो आणि लाइटबिल वाढतं.

थोडं मुळापासून. थायरिस्टरला गेटवर पल्स दिली की तो सुरू होतो, पण गेटवरून त्याला बंद करता येत नाही. करंट शून्यावर आला की तो आपोआप बंद होतो. आपल्या ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी करंट शून्यातून जातो. दोन थायरिस्टर उलटसुलट जोडले की एक वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. आता आपल्या हातात उरतं एवढंच, की पल्स कधी द्यायची. सगळे मोड या एका प्रश्नातून निघतात.

बर्स्ट

पल्स व्होल्टेज शून्यावर असताना द्यायची आणि काही पूर्ण सायकली सलग जाऊ द्यायच्या, मग काही सायकली बंद ठेवायच्या. एका सेकंदाचा बेस, म्हणजे चालू-बंदचा एक पूर्ण फेरा, घेतला तर त्यात ५० सायकली. कंट्रोलरने ६० टक्के मागितले तर ३० चालू, २० बंद. साइन वेव्ह अखंड राहते, त्यामुळे हार्मोनिक्सची (५० हर्ट्झच्या पटीतल्या नको त्या लहरींची) कटकट नाही, रेडिओची खरखर नाही, आणि चालू असताना रेझिस्टिव्ह लोडचा (साध्या हीटरचा) पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएतला कामाला येणारा वाटा, एक.

लोकांची शंका अशी असते, की हीटर असा चालू-बंद केला तर टेंपरेचर वरखाली होणार नाही का? अहो, विटांचं अस्तर आणि आत टनभर कास्टिंग असलेल्या बोगी फर्नेसला एका सेकंदातलं चालू-बंद कळतसुद्धा नाही. उलट पूर्वी काँटॅक्टरवर (मोठ्या चुंबकी स्विचवर) अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद असायचं, तेव्हा कॉइल प्रत्येक वेळी ताणली-आकसली जायची. त्यापेक्षा हे कॉइलला कितीतरी सुखाचं आहे.

बर्स्टचा त्रास सप्लायला होतो. ट्रान्सफॉर्मर लहान असेल आणि फर्नेस मोठी, तर प्रत्येक बर्स्टला शॉपमधले दिवे लवतात. सहा झोनची फर्नेस असेल आणि सहाही झोन एकाच क्षणी चालू झाले तर जास्तच. यावर उपाय म्हणजे झोनच्या बर्स्ट एकमेकांपासून सरकवणं. चांगल्या कंट्रोलरमध्ये लोड मॅनेजमेंट नावाने ही सोय येते. ती असेल तर वापरा. पैसे मोजून घेतलेली आणि कधीच चालू न केलेली सोय मी बऱ्याच पॅनेलमध्ये बघितली आहे.

सिंगल सायकल आणि हाफ सायकल

बर्स्टचाच हा बारीक अवतार. ५० टक्क्यांना एक सायकल चालू, एक बंद. ३३ टक्क्यांना एक चालू, दोन बंद. वेव्ह शुद्धच राहते, पण तुकडे इतके लहान होतात की अँमीटरचा काटा जवळपास स्थिर दिसतो. मालकांना काटा स्थिर हवाच असेल तर मी हा मोड सुचवतो.

एक अडचण मात्र आहे. माणसाच्या डोळ्याला दिव्याचं लुकलुकणं सगळ्यात जास्त जाणवतं ते सेकंदाला नऊच्या आसपास झटके असताना. सिंगल सायकलमध्ये २० टक्के मागणी आली की एक चालू, चार बंद, म्हणजे सेकंदाला बरोबर दहा झटके. त्यामुळे फर्नेस सोकिंगला, म्हणजे टेंपरेचर धरून ठेवायच्या टप्प्याला आली, मागणी खाली उतरली आणि नेमके तेव्हाच ऑफिसमधले दिवे थरथरायला लागले, तर चक्रावू नका. तिथे एका सेकंदाचा बर्स्ट जास्त सोसवतो.

हाफ सायकल मोडमध्ये बंद काळ अर्ध्या-अर्ध्या सायकलने मोजतात. साध्या रेझिस्टिव्ह लोडला ठीक. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर तो टाकू नका. वरचे आणि खालचे अर्धे भाग समसमान गेले नाहीत की कोअरमध्ये डीसी चढतो.

फेज अँगल

घरातल्या पंख्याचा पायऱ्या नसलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर याच पद्धतीने चालतो. प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये पल्स उशिरा द्यायची, जेवढा उशीर तेवढा वेव्हचा पुढचा भाग कापला जातो. किती कापलं की किती पॉवर, हे सरळ रेषेत नसतं. ३० अंशांवर कापलं तरी ९७ टक्के पॉवर जाते. ६० अंशांवर ८०, ९० अंशांवर ५०, १२० वर २० आणि १५० अंशांवर जेमतेम ३ टक्के. म्हणजे सगळा खेळ मधल्या साठ अंशांत आहे. फीडबॅक (प्रत्यक्ष आउटपुट मोजून परत घेणं) नसलेलं स्वस्त फायरिंग कार्ड पीआयडीच्या, म्हणजे टेंपरेचर कंट्रोलरच्या, सिग्नलला थेट अँगलमध्ये बदलतं, आणि मग ‘पीआयडी मधल्या टप्प्यात नीट चालतो, टोकांना झोपतो’ अशी तक्रार येते. त्याचं मूळ हे.

याचा फायदा खरा आहे: दर १० मिलिसेकंदांनी तुम्हाला करंटवर ताबा मिळतो. सॉफ्ट स्टार्ट आणि करंट लिमिट या दोन्ही गोष्टी फक्त यातच शक्य आहेत. बर्स्टमध्ये करंट लिमिट टाकलंय असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. बर्स्टमध्ये चालू असलेल्या सायकलला लोडवर पूर्ण व्होल्टेज असतं, आणि करंट किती जाईल ते लोडचा रेझिस्टन्स ठरवतो. सरासरी कमी झाली म्हणून त्या एका सायकलमधला करंट कमी होत नाही. फ्यूज सरासरी बघत बसत नाही.

आता किंमत. कापलेल्या वेव्हचा पॉवर फॅक्टर पडतो, लोड शुद्ध रेझिस्टिव्ह असला तरी. हिशेब सोपा आहे: पूर्ण पॉवरच्या जितका अंश चालवताय, त्याचं वर्गमूळ म्हणजे पॉवर फॅक्टर. ५० टक्क्यांना ०.७१, २५ टक्क्यांना ०.५. महावितरणने एचटी (हाय टेन्शन) ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (युनिट भागिले पॉवर फॅक्टर) बिल लावलं, तेव्हापासून हा आकडा थेट खिशाला लागतो. १०० किलोवॅटची फर्नेस फेज अँगलने अर्ध्या पॉवरवर दहा तास चालली तर युनिट पडतात ५००, पण केव्हीएएच होतात ७०७. तीच फर्नेस बर्स्टवर चालवली तर दोन्ही आकडे जवळपास सारखे राहतात. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की काटा नाचला तरी मालक काही बोलत नाहीत.

‘मग कॅपॅसिटर वाढवू’ हा विचार मनात आला असेल तर थांबा. हा पॉवर फॅक्टर वेव्ह बिघडल्यामुळेही पडलेला असतो, आणि त्या बिघडलेल्या भागाला कॅपॅसिटर काही करू शकत नाही. उलट हार्मोनिक्सना कॅपॅसिटर ही सोपी वाट वाटते. कॅपॅसिटर तापतो, फुगतो, आणि मग कॅपॅसिटरवाल्याशी भांडण लागतं. फेज अँगलचा मोठा लोड असेल तर बँकला डीट्यून्ड रिअॅक्टर लावा. सर्रास मिळतो तो ७ टक्क्यांचा, १८९ हर्ट्झला ट्यून झालेला. तो पाचव्या हार्मोनिकपासून वाचवतो. पण सिंगल फेज लोड किंवा न्यूट्रलवाला स्टार असेल तर तिसरा हार्मोनिक १५० हर्ट्झचा, तो त्याच्या खाली राहतो. तिथे १४ टक्क्यांचा लागतो, १३४ हर्ट्झचा. ऑर्डर देताना हे बोलून घ्या.

आता लोड

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. हीटरची टर्मिनल काढा, थंड रेझिस्टन्स मोजा. मग नेमप्लेटवरच्या व्होल्टेज आणि किलोवॅटवरून गरम रेझिस्टन्स काढा: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. दोन आकडे जवळ आले तर काम सोपं. लांब गेले तर खाली वाचा.

नायक्रोम किंवा कँथाल ए-वन. थंड आणि गरम यांतला फरक काही टक्क्यांचाच. बर्स्ट टाका, बेस एक सेकंदाच्या आसपास ठेवा, पुढच्या कामाला लागा. पाण्यातले, तेलातले, हवेच्या डक्टमधले ट्यूब हीटर, सिरॅमिक इन्फ्रारेड प्लेटा, सगळं यातच आलं. एक्स्ट्रूडरच्या बॅरलवरचे किलोवॅट-दोन किलोवॅटचे बँड हीटर असतील तर थायरिस्टर कंट्रोलरसुद्धा नको. झीरो क्रॉसिंगचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) लावा, पीआयडीचा सायकल टाइम दोन सेकंद ठेवा.

शॉर्ट वेव्ह इन्फ्रारेड लँप, पेंट बेकिंगला असतात ते. आत टंगस्टनची तार. थंड असताना तिचा रेझिस्टन्स गरमच्या दहाव्या-पंधराव्या भागाइतका. थंड लँपवर एकदम पूर्ण व्होल्टेज टाकलं की फ्यूजची परीक्षाच. शिवाय ती तार सेकंदाभरात तापते आणि निवते, त्यामुळे संथ बर्स्ट डोळ्यांना सरळ दिसतो, आणि ओव्हनशेजारी आठ तास उभं राहणाऱ्या पोरांना तो छळतो. इथे फेज अँगल आणि सॉफ्ट स्टार्ट, वाद नको.

मोली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे यू आकाराचे एलिमेंट. लॅब फर्नेस, डेंटल झिर्कोनियाच्या भट्ट्या, सिरॅमिकवाले यांच्याकडे. थंड असताना रेझिस्टन्स इतका कमी की २०० अँपिअरचा एलिमेंट पूर्ण व्होल्टेजला हजार-दोन हजार अँपिअर ओढायला बघेल. टेंपरेचर चढेल तसा रेझिस्टन्स दहापट किंवा जास्त वाढतो. फेज अँगल, करंट लिमिट आणि बहुतेक ठिकाणी मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. करंट लिमिट एलिमेंट बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर ठेवा, थायरिस्टरच्या नेमप्लेटवर नको. थायरिस्टर २५० चा असेल, एलिमेंट २०० चा. जपायचंय ते एलिमेंट. काही कंट्रोलर करंट लिमिटमध्ये फेज अँगलने चढतात आणि लोड तापला की आपोआप बर्स्टवर जातात. तसा मिळाला तर दोन्हीकडचं चांगलं हाती लागतं.

सिलिकॉन कार्बाइड. याच्यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुकीचं सेटिंग इथे दिसतं. याचा रेझिस्टन्स थंड असल्यापासून साधारण ७०० अंशांपर्यंत उतरतो, मग पुन्हा चढतो. ते सांभाळता येतं. खरी गोम त्याच्या म्हातारपणात आहे. वापरताना रॉड ऑक्सिडाइज होतो आणि रेझिस्टन्स महिन्यामहिन्याने वाढत जातो. आयुष्याच्या शेवटी तो सुरुवातीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. पॉवर तेवढीच ठेवायची तर व्होल्टेज दुप्पट लागतं. म्हणून सप्लाय आधीच दुप्पट व्होल्टेजचा ठेवलेला असतो. याचा अर्थ असा, की नव्या रॉडवर पूर्ण व्होल्टेज गेलं तर चौपट पॉवर. अशा ठिकाणी बर्स्ट टाकला तर कंट्रोलर सरासरी २५ टक्के दाखवत राहील, तुम्ही निवांत राहाल, आणि प्रत्येक चालू सायकलला रॉड चौपट मार खाईल.

म्हणून इथे फेज अँगल आणि फीडबॅक पॉवरचा, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंटचा. रॉड म्हातारा होत जाईल तसा कंट्रोलर स्वतः व्होल्टेज वाढवत जातो. पण लक्षात घ्या, नव्या रॉडला तुम्ही अर्ध्या व्होल्टेजवर चालवताय, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.५. बिल बोंबलणार. म्हणून टॅपवाला ट्रान्सफॉर्मर जुनाट वाटला तरी फेकू नका. टॅपने ढोबळ व्होल्टेज जुळवा, थायरिस्टरला वरची बारीक कारागिरी करू द्या. दर थोड्या महिन्यांनी बघा, फायरिंग पूर्ण उघडायला आलं की टॅप एक पायरी वर. आणि एक रॉड मोडला म्हणून जुन्यांच्या जोडीला कोरा रॉड लावू नका. नवा-जुना मेळ बसत नाही, एक लाल आणि दुसरा पांढरा दिसतो.

राहिला ट्रान्सफॉर्मर, कुठल्याही लोडच्या आधी असलेला. ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज शून्यावर असताना चालू करणं सगळ्यात वाईट. कोअरमधलं फ्लक्स नेहमीच्या दुप्पट जायला बघतं, कोअर सॅच्युरेट होतो आणि इनरश उसळतो. म्हणजे बर्स्टचा जो गुण, तोच इथे दोष. ट्रान्सफॉर्मर लोडवर बर्स्ट वापरायचा तर पहिली पल्स ९० अंश उशिरा, व्होल्टेज शिखरावर असताना, देणारा मोड निवडा. मेनूमध्ये तो डिलेड ट्रिगरिंग किंवा तत्सम नावाने असतो. ट्रान्सफॉर्मर नवा बनवून घेत असाल तर वाइंडिंगवाल्याला सांगा, थायरिस्टरवर चालणार आहे, फ्लक्स डेन्सिटी १.२ टेस्लाच्या वर नेऊ नको. आणि सेकंडरी उघडी ठेवून थायरिस्टर चालवून बघायचा मोह टाळा.

नावांचा घोळ प्रत्येक कंपनीचा वेगळा. थायरो नावाचे कंट्रोलर बनवणारे बर्स्टला टॅक्ट म्हणतात, फेज अँगलला व्हीएआर, हाफ सायकलवाल्याला क्यूटीएम आणि मोलीसाठी त्यांचा मोसी नावाचा वेगळा मोड आहे. दुसरीकडे हेच झेडसी, पीए, एफसी अशा अक्षरांनी दिसेल. अक्षरांवर जाऊ नका, मॅन्युअलमधलं वेव्हचं चित्र बघा.

वायरिंग

न्यूट्रल नसलेल्या स्टारला किंवा बंद डेल्टाला बर्स्टसाठी दोनच फेजवर थायरिस्टर पुरतात, तिसरी फेज सरळ जाते. स्वस्त पडतं, उष्णताही एक तृतीयांश कमी. पण ती तिसरी फेज कायम जिवंत असते. ‘कंट्रोलर बंद केलाय’ म्हणून हीटरला हात लावणाऱ्यासाठी हे वाक्य दुसऱ्यांदा वाचा. फेज अँगल करायचा तर तिन्ही फेजवर थायरिस्टर हवेत.

न्यूट्रलवाल्या स्टारवर फेज अँगल असेल तर न्यूट्रल बारीक घेऊ नका. १२० अंशांच्या पुढे कापलं की तिन्ही फेजचे तुकडे न्यूट्रलमध्ये एकामागोमाग एक येतात, एकमेकांना खोडत नाहीत, आणि न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पट होतो. बॅलन्स लोडला न्यूट्रलमध्ये काही येत नाही, हे आयटीआयमध्ये शिकलेलं इथे चालत नाही.

फायरिंग कार्डाचा सिंक सप्लाय (वेव्ह कधी शून्यावर येते हे कार्डाला सांगणारा) लोडच्या त्याच फेजवरून यायला हवा. पॅनेल हलवलं, इनकमरच्या केबलची अदलाबदल झाली, कंट्रोल सप्लाय मात्र दुसऱ्याच डीबीवरून आला, असं झालं की फेज अँगल १२० अंशांनी चुकीच्या ठिकाणी फायर करतो. लोड वेडावाकडा वागतो आणि सगळे पीआयडीला दोष देतात. माझ्याकडे ‘कार्ड खराब’ म्हणून जी कार्डं येतात, त्यातली बरीच टेबलवर व्यवस्थित चालतात.

फ्यूज सेमीकंडक्टरचाच, ज्याचा आय-स्क्वेअर-टी (किती मार सोसतो तो आकडा) थायरिस्टरपेक्षा कमी आहे असा. साधा एचआरसी किंवा एमसीबी केबलला वाचवतो, थायरिस्टरला नाही. उष्णतेचा हिशेब अँपिअरला साधारण १.३ वॅट, प्रत्येक थायरिस्टरवाल्या फेजचा. तीन फेजचे १०० अँपिअर म्हणजे पॅनेलमध्ये चारशे वॅटचा हीटर कायम चालू. बंद डब्यात हा हीटर थायरिस्टरलाच भाजतो. आमच्याकडे फाउंड्रीत वाळूची धूळ आणि कोळशाची भुकटी असते, ती फिल्टर नसलेल्या पंख्यातून थेट हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. फिन्स उभ्याच हव्यात, वर-खाली मोकळी जागा हवी.

चालू करताना

लोड न लावता आउटपुटला मल्टिमीटर धरला की तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, सिग्नल शून्य असला तरी. थायरिस्टर शॉर्ट नाही, स्नबरमधून (थायरिस्टरला समांतर लावलेल्या कॅपॅसिटर-रेझिस्टरमधून) गळणारा करंट मीटरला पुरतो, इतकंच. म्हणून डमी लोड लावा. मी जुने २०० वॅटचे फिलामेंट बल्ब जपून ठेवलेत, दोन-दोन सिरीजमध्ये, स्टारमध्ये. एलईडी बल्ब उपयोगाचा नाही. फार छोटा लोडही नको, कारण थायरिस्टरला धरून राहायला किमान करंट लागतो, नाहीतर तो चालू होऊन लगेच सुटतो.

सिग्नल जनरेटरने ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर द्या. १२ ला काय दिसायला हवं ते फीडबॅकवर ठरतं. पॉवरचा किंवा व्होल्टेज-वर्गाचा फीडबॅक असेल तर ४१५ च्या सप्लायला २९३ व्होल्ट, म्हणजे अर्धी पॉवर. नुसत्या व्होल्टेजचा असेल तर २०७ व्होल्ट, म्हणजे पाव पॉवर. दोन्ही बरोबर, फक्त तुमच्या पीआयडीला कोणता अपेक्षित आहे ते ठरवा, आणि मोड किंवा फीडबॅक बदलला की ट्यूनिंग पुन्हा करा.

व्होल्टेज-वर्गाच्या फीडबॅकची शिफारस मी एमआयडीसीत मुद्दाम करतो. दिवसा ३८० पर्यंत पडलेला सप्लाय म्हणजे १६ टक्के पॉवर गायब. रात्री शेजारचे कारखाने बंद झाले, ४४० झाला की १२ टक्के जास्त. फीडबॅक असला की टेंपरेचर हलायच्या आधीच कंट्रोलर हे भरून काढतो.

मोजायला टाँग टेस्टर ट्रू आरएमएसचाच, म्हणजे कुठल्याही आकाराच्या वेव्हचा खरा आकडा देणारा, घ्या. साधा टेस्टर कापलेल्या वेव्हला कमी दाखवतो, आणि त्या आकड्यावर करंट लिमिट लावलं तर एलिमेंट जातो. हीटरला मेगर (इन्सुलेशन टेस्टर) लावण्याआधी थायरिस्टर सोडवून ठेवा.

थायरिस्टर मरतो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन. म्हणजे सिग्नल शून्य आणि हीटर फुल चालू. यासाठी वेगळा थर्मोकपल, वेगळा ओव्हर-टेंपरेचर कंट्रोलर आणि त्याने तोडायचा वेगळा काँटॅक्टर, हे तिन्ही हवेतच. एरोस्पेसचं काम करणाऱ्यांना एएमएस २७५० या भट्ट्यांच्या टेंपरेचरच्या मानकामुळे ते करावंच लागतं, बाकीच्यांनी ऑडिटरची वाट बघू नये. हीटरवर काम करताना तो काँटॅक्टर किंवा आयसोलेटर उघडा आणि कुलूप लावा. थायरिस्टर बंद म्हणजे लाइन बंद नव्हे.

डीजीवर (डिझेल जनरेटरवर) फर्नेस चालवणार असाल तर हे आत्ताच ठरवा. फेज अँगलच्या कापलेल्या वेव्हने लहान डीजीचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा) गोंधळतो, लांब बर्स्टने गव्हर्नर (स्पीड सांभाळणारा) हेलकावे खातो. नायक्रोम असेल तर डीजीवर सिंगल सायकल आणि आउटपुटला वरची मर्यादा, एवढ्यावर बहुतेक सेट शांत राहतात.

सगळं जमलं की मोड, बेस टाइम, फीडबॅक, करंट लिमिट, ट्रान्सफॉर्मरचा टॅप आणि फ्यूजचा पार्ट नंबर एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये लावा, खाली फ्यूजचा एक स्पेअर सेट. रात्रपाळीला कार्ड बदललं की नवं कार्ड फॅक्टरी सेटिंगवर येतं, आणि ते सेटिंग तुमच्या मोलीसाठी केलेलं नसतं.